एकोणपन्नास फुटांमागे एक फूट

गाडी ग्रोमाँटचं स्टेशन सोडते, लगेच एका बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते तेव्हा इंजिनाचा आवाज बदललेला असतो. निघतानाची घाईघाईची फकफक संपलेली असते. आता एकेक उसासा सुटा ऐकू येतो, मोजता येईल इतका. वेग वाढायचा सोडून कमीच होतो. नवखा प्रवासी खिडकीकडे वळून काही बिघडलं की काय ते बघतो. बिघडलेलं काही नसतं, गाडी चढाला लागलेली असते.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्कशरमधली ही ‘नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे’. पिकरिंग ते ग्रोमाँट असा १८ मैलांचा, म्हणजे सुमारे २९ किलोमीटरचा मार्ग. काही गाड्या ग्रोमाँटच्या पुढे सहा मैलांवरच्या व्हिटबी बंदरापर्यंतही जातात. (ग्रोमाँटच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक ‘एस’ येतो. तो लिहायचा, उच्चारायचा नाही.) वाटेत गोथलंड हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव लागतं. हेरिटेज रेल्वेने एखाद्या लहानशा उत्तरी गावाला जायचं असेल, तर माझ्या मते यासारखं दुसरं गाव नाही. मात्र बहुतेक प्रवासी गोथलंडला ज्या कारणांसाठी उतरतात, ती कारणं मला दुय्यम वाटतात. त्यांच्याकडे नंतर वळू. या गावात बघण्यासारखी खरी गोष्ट आहे ती हा चढ. तो जिंकायला रेल्वेला तीस वर्षं लागली आणि तीन निरनिराळे उपाय करावे लागले.

चढ आहे १:४९ चा. म्हणजे एकोणपन्नास फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला तो चढ म्हणून जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा हिशोब वेगळा असतो. सपाट रुळावर एक टन वजन सरकवायला साधारण चार-पाच किलोची ओढ पुरते. रेल्वेची सगळी करामत या एका गोष्टीत आहे, कारण घर्षण जवळजवळ नाहीच. चढावर मात्र वजनाचा एकोणपन्नासावा भाग सरळ मागे खेचू लागतो, म्हणजे टनामागे आणखी वीस किलो. एकदम पाचपट काम. प्रत्येकी पस्तीस टनांचे सात डबे धरले तर २४५ टन होतात, आणि त्यांचा एकोणपन्नासावा भाग बरोबर पाच टन. हे पाच टन सतत मागे ओढत असताना, शंभर टनांचा स्वतःचा देह सांभाळत इंजिनाला तीनेक मैल वर जायचं असतं.

जे घर्षण नसल्यामुळे रेल्वे स्वस्त पडते, तेच इथे हवं असतं. दरी झाडीची आहे, शरद ऋतूत पानं रुळांवर पडून भिजतात आणि त्यांचा साबणासारखा लगदा होतो. मग इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. त्यावर उपाय दीडशे वर्षं जुनाच आहे. चाकांपुढे रुळावर नळीतून कोरडी वाळू सोडायची. आपल्या बोरघाटात १:३७ चा चढ आहे, माथेरानच्या छोट्या गाडीला तर १:२० चा. त्यामुळे १:४९ ऐकून मराठी माणूस फार दचकणार नाही. पण हा आकडा तिसऱ्या प्रयत्नाचा आहे. पहिल्या प्रयत्नातला चढ होता १:१५, माथेरानच्या गाडीलाही न झेपणारा.

ही गोष्ट व्हिटबीपासून सुरू होते. कॅप्टन कुक याच बंदरात खलाशाचं काम शिकला, त्याचं ‘एन्डेव्हर’ जहाजही इथेच बांधलेलं. पण एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत देवमाशांची शिकार आणि जहाजबांधणी दोन्ही धंदे उतरणीला लागले. गावाच्या पाठीशी उंच माळरानं होती आणि त्यांवरून जाणारे रस्ते भयंकर. आतल्या मुलखाशी जोडले गेलो नाही तर बुडालो, हे व्यापाऱ्यांना कळून चुकलं आणि त्यांनी जॉर्ज स्टीफन्सनला बोलावलं. १८२५ ची स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे आणि १८३० ची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे यांचा कर्ता तो हाच.

गंमत अशी, की वाफेच्या गाडीने जगभर नाव मिळवलेल्या या माणसाने इथे चक्क घोड्यांची रेल्वे बांधली. १८३३ मध्ये पार्लमेंटची परवानगी मिळाली आणि २६ मे १८३६ रोजी व्हिटबी ते पिकरिंग हा २४ मैलांचा मार्ग पूर्ण खुला झाला. त्यावर घोडागाडीसारखेच डबे धावू लागले, फक्त खाली रूळ. यात मागासलेपणा नव्हता, हिशोब होता. सपाट रुळावर एक घोडा आठ-दहा टन ओढू शकतो. माल थोडा, भांडवल त्याहून थोडं, दरी वळणावळणाची. अशा ठिकाणी जड इंजिन आणलं की जड रूळ आले, भक्कम पूल आले, म्हणजे खर्चही आला. त्यापेक्षा घोडा परवडला.

बांधकामाच्या गोष्टी आजही रंगवून सांगतात. फेन बॉग ही माथ्यावरची दलदल सगळ्यांत त्रासाची. कितीही भर टाकली तरी ती गिळून टाकायची. शेवटी मेंढ्यांच्या कातड्यांत हेदरची झुडपं भरून, त्यांच्याबरोबर लाकडांचे ताफे टाकून रूळ अक्षरशः चिखलावर तरंगत ठेवले. आजची गाडी त्याच पट्ट्यावरून जाते. ग्रोमाँटला डोंगर फोडून बोगदा काढला. बुटका, घोड्यापुरता, आणि तोंडाला किल्ल्यासारखे कंगोरे. प्रवासी रेल्वेच्या जगातल्या सर्वांत जुन्या बोगद्यांपैकी तो एक. इथेच खोदताना लोहखनिज सापडलं. व्हिटबीला रेल्वे हवी होती बंदर वाचवायला, पण भरभराट झाली ती या खाणींची.

एवढं करून बेक होलपाशी दरी संपते आणि समोर उभा चढ येतो. ‘बेक’ म्हणजे ओढा. एक हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनी मागे ठेवलेला हा शब्द उत्तर इंग्लंडात अजून रोजच्या बोलण्यात आहे. बेक होल ते गोथलंड साधारण पंधराशे यार्डांची सरळ घसरगुंडी, १:१५ ची. टनामागे सदुसष्ट किलो मागे ओढणार. घोडा इथे उपयोगाचा नाही, आणि त्या काळचं इंजिनही नाही.

स्टीफन्सनने मोट चालवणाऱ्याला लगेच कळेल असा उपाय केला. माथ्यावर चाकांवरची एक मोठी टाकी ठेवायची, ती ओढ्याच्या पाण्याने भरायची, दोराचं एक टोक तिला आणि दुसरं खालच्या डब्याला. भरलेली टाकी उतारावरून खाली निघाली की तिच्या वजनाने डबा वर येतो. खाली पोचल्यावर टाकीतलं पाणी सोडून द्यायचं. ना कोळसा, ना घोडा. माथ्यावर पाणी फुकट मिळत होतं आणि पृथ्वीचं ओढणंही फुकट होतं.

१८४५ मध्ये ‘रेल्वेचा राजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉर्ज हडसनच्या कंपनीने हा मार्ग विकत घेतला आणि दोन वर्षांत तो वाफेच्या इंजिनाजोगा केला. पूल बदलले, ग्रोमाँटला जुन्या बोगद्याशेजारी मोठा नवा बोगदा पाडला. पण १:१५ चा चढ तसाच राहिला. फरक इतकाच, की पाण्याच्या टाकीऐवजी माथ्यावर एक बसतं इंजिन आलं आणि ते दोर गुंडाळून डबे वर ओढू लागलं. गाडी बेक होलला यायची, इंजिन सुटायचं, डबे दोराला लागायचे, वर खेचले जायचे, आणि वर दुसरं इंजिन जोडून पुढचा प्रवास. प्रत्येक गाडीला, दर दिवशी, जवळपास वीस वर्षं हेच.

फेब्रुवारी १८६४ मध्ये दोर तुटला. डबे उतारावरून सुटले आणि दोघांचा जीव गेला. त्या अपघाताआधीच नव्या मार्गाचं काम सुरू झालं होतं. १ जुलै १८६५ ला तो खुला झाला. चढ टाळता येत नाही तर लांबवायचा, एवढंच त्यामागचं तत्त्व. सुमारे साडेचार मैलांचा वळसा, डोंगराच्या कुशीतून कापलेल्या खाचा, ओढ्यांवरून पुन्हा पुन्हा जाणारे पूल, आणि १:४९ चा सलग चढ. दोर गेला, टाकी गेली. गोथलंडचं आजचं स्टेशन याच नव्या मार्गावरचं, १८६५ चं. दगडी इमारत, मालधक्क्याची शेड, पाण्याचा खांब, सगळं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

इथे आपल्याशी एक धागा जुळतो. जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता. मुंबईला मुख्य इंजिनिअर म्हणून आलेला जेम्स बर्कली त्याच्याच तालमीतला. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी बर्कलीची, आणि १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा मार्गही त्याच्याच आखणीचा. गोथलंडचे डबे अजून दोराने वर येत होते, त्याच काळात सह्याद्रीत दोराशिवाय, इंजिनाच्या बळावर घाट चढवायचं काम चाललं होतं. बापाचा दोर अजून सुटायचा होता, आणि मुलाच्या तालमीतल्या माणसाने आखलेला मार्ग बोरघाट चढूनही गेला होता.

आता गाव. गोथलंड स्टेशनात गाड्यांचं क्रॉसिंग होतं. मार्ग एकेरी आहे, त्यामुळे ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी घालता येत नाही. पादचारी पुलावर हमखास गर्दी असते आणि तिचं टोकनकडे लक्ष नसतं. ही माणसं एका चित्रपटासाठी आलेली असतात. २००१ च्या पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटात जादूच्या शाळेची गाडी रात्री ज्या हॉग्समीड स्टेशनात थांबते, ते स्टेशन म्हणजे गोथलंड. वर गावात गेलं तर दुसरी गर्दी. ब्रिटिश टीव्हीवर १९९२ ते २०१० इतकी वर्षं चाललेल्या ‘हार्टबीट’ या पोलीस मालिकेतलं एडन्सफील्ड हे गाव म्हणजेही गोथलंडच. मालिकेतला काळ साठच्या दशकातला, म्हणून गावाच्या गॅरेजसमोर त्या काळच्या मोटारी उभ्या दिसतात. आपण खऱ्या गावात आलो आहोत की सेटवर, असा प्रश्न पडावा इतपत हे झालं आहे. मला त्याचा थोडा कंटाळा येतो, पण गावाची दुकानं त्यावर चालतात हेही खरं.

गावाचा खरा कारभार मेंढ्यांकडे आहे. रस्त्याच्या कडेला, घरांसमोर, बसथांब्यावर त्या मोकळ्या चरत असतात. कुंपण घालायचं ते घरमालकाने, आपली फुलझाडं वाचवायला. मेंढी कुठेही जाऊ शकते. हे शिस्त सुटल्याचं लक्षण नव्हे, हा जुना हक्क आहे. गावाभोवतीचं माळरान म्हणजे आपल्या भाषेत गायरान. त्याची मालकी डची ऑफ लँकेस्टरकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या वारसाहक्काच्या जमीनदारीकडे आहे, पण चराईचा हक्क शेतकऱ्यांचा. गावात हिरवळ कापायचं यंत्र फारसं लागत नाही ते यामुळेच.

जानेवारीत, नांगरणीच्या हंगामाच्या तोंडावर, गावातले तरुण लांब तलवारींचा नाच करत घरोघर फिरतात. त्यांना ‘प्लाऊ स्टॉट्स’ म्हणतात. स्टॉट म्हणजे बैल. बैलांच्या जागी माणसांनीच नांगर ओढत फिरायचं आणि दारोदार शिधा-पैसा गोळा करायचा, अशी ही चाल. ती मधल्या काळात बंद पडली होती, १९२२ च्या सुमारास गावाने पुन्हा सुरू केली. बैलपोळा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावाच्या एका टोकाला खोल ओहळात मॅलियन स्पाउट हा सत्तर फुटी धबधबा आहे. तो बघायला खडकांवरून घसरत जावं लागतं. सह्याद्रीतले धबधबे पाहिलेल्याने फार आशा ठेवू नये, पण ओहळातली वाट सुरेख आहे.

माळरानाला इथे ‘मूर’ म्हणतात. वरवर पाहता निसर्गाचंच वाटतं, पण ते माणसाने घडवलेलं आहे. कांस्ययुगापासून जंगल तोडत गेले, माती निकस झाली, मेंढ्यांनी रोपं वाढू दिली नाहीत आणि हेदर माजलं. ऑगस्टमध्ये ते फुलतं तेव्हा मैलोन्मैल जांभळा रंग पसरतो. गोथलंडच्या दक्षिणेला गाडी न्यूटनडेलमध्ये शिरते. ही अरुंद, उभ्या कड्यांची घळ हिमयुगातल्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्याने कापलेली आहे. तिच्या मानाने तळाशी वाहणारा ओढा इतका किरकोळ आहे, की एवढी दरी याने कोरली असेल यावर विश्वास बसत नाही. ती त्याने कोरलेली नाहीच. कुणीतरी दार उघडून ठेवून गेलं आणि रेल्वे त्यातून आत आली.

ही रेल्वे १९६५ मध्ये संपली होती. १९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधले सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३०० हून अधिक स्टेशनं बंद करायची शिफारस केली. पिकरिंग-ग्रोमाँट मार्गावरची गाडी ८ मार्च १९६५ ला बंद झाली. मोटारी वाढल्या होत्या, गाड्या रिकाम्या जात होत्या. हिशोबाच्या वहीत हा निर्णय बरोबरच असेल. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, रेल्वेप्रेमींनी एक संस्था काढली आणि रूळ उखडले जाण्याआधी मार्ग ताब्यात घेण्यासाठी पैसे जमवायला घेतले. १९७३ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून ही रेल्वे चालते ती पगारी नोकरांच्या जोडीला पाचशेहून अधिक स्वयंसेवकांवर. तिकीट तपासणारा निवृत्त शिक्षक असू शकतो, सिग्नलच्या केबिनमध्ये एखादी बँकेतली बाई असू शकते. इंजिनावर मात्र हौस म्हणून कुणालाही चढू देत नाहीत. आधी क्लीनर म्हणून तेल-काजळी पुसायची, मग फायरमन, मग परीक्षा, मग ड्रायव्हर. यात अनेक वर्षं जातात. आपल्याकडच्या लोको शेडमध्येही अशीच शिडी होती. फरक एवढाच, की इथे ती सुट्टीच्या दिवशी चढायची आणि पगार नाही. १:४९ वर फायरमनची खरी परीक्षा होते. ग्रोमाँट सुटण्याआधीच जाळ भरपूर हवा आणि बॉयलरात पाणी पुरेसं हवं. चढावर मधेच दाब उतरला तर गाडी थांबते, आणि एकदा थांबलेली गाडी ओल्या रुळावर पुन्हा हलवणं हे महाकठीण काम.

खर्च तर विचारूच नये. प्रत्येक इंजिनाचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडून तपासावा लागतो. त्या मोठ्या दुरुस्तीत इंजिन कित्येक वर्षं शेडमध्ये अडकून पडतं. ब्रिटनमधल्या खाणी बंद झाल्या, त्यामुळे वाफेसाठी लागणारा कोळसा आता परदेशातून आणावा लागतो. ज्या देशाने जगाला कोळशावर धावायला शिकवलं, त्याच्याच हेरिटेज रेल्वेची ही गत. कोरड्या उन्हाळ्यात ठिणगीने मूर पेटायची भीती असते, तेव्हा वाफेचं इंजिन बाजूला ठेवून डिझेल जोडतात.

सजावटीत मात्र या लोकांचा काटेकोरपणा बघावा. प्रत्येक स्टेशन वेगळ्या काळात थांबवलेलं आहे. लेव्हिशम १९१२ मधलं, गोथलंड १९२२ मधलं, पिकरिंग १९३७ मधलं आणि ग्रोमाँट १९५२ मधलं. पाट्यांचा रंग, जाहिराती, दिवे, सामानाच्या पेट्या, सगळं त्या त्या सालाप्रमाणे. पिकरिंगच्या फलाटांवरचं जुनं छप्पर १९५२ मध्ये काढून टाकलं होतं. ते २०११ मध्ये मूळ आराखड्यानुसार पुन्हा उभारलं.

जाणार असाल तर गाड्यांचा मुख्य हंगाम वसंत ते शरद, वेळापत्रक आधी पाहून ठेवा. पिकरिंगहून बसा आणि गोथलंडला उतरा. स्टेशनवरच्या जुन्या मालशेडमध्ये आता चहाचं दुकान आहे, तिथे चहा घ्या. मग परतीच्या गाडीची वाट न बघता गावातून ‘रेल ट्रेल’ची पाटी शोधा. साडेतीन मैलांची ही पायवाट म्हणजे १८३६ चा मूळ मार्ग. सुरुवातीलाच तुम्ही १:१५ च्या सरळ उतारावर असता, जिथून पाण्याची टाकी खाली जायची. खाली बेक होलला इवलासा पब आहे आणि समोरच्या हिरवळीवर लोखंडी कड्या खुंटीवर फेकायचा गावठी खेळ चालतो. तिथून ओढ्याकाठाने ग्रोमाँट. पोचल्यावर इंजिनांच्या शेडकडे जा. तिकडची वाट घोड्यांच्या त्या जुन्या बोगद्यातूनच जाते. शेजारच्या मोठ्या बोगद्यातून गाडी जात असेल तर भिंतीतून तिची धडधड ऐकू येते.

ग्रोमाँटहून गोथलंडकडे मात्र चालत निघू नका. तो चढ अजून आहे तेवढाच आहे आणि वर ओढायला आता दोर नाही.